लेकरू घेऊन जेजुरीला

मार्गशीर्ष लागला, उसाची तोड सुरू झाली, ज्वारी गुडघ्यावर आली की आमच्या कऱ्हाकाठच्या माणसाला खंडोबाची आठवण होते. चंपाषष्ठीला घरोघरी वांग्याचे भरीत आणि रोडगा होतो, तळी भरली जाते, आणि तळी उचलता उचलता कुणीतरी म्हणतेच, "यंदा गडावर जाऊन येऊ."

आमचे गाव मोरगावच्या अलीकडे, बारामतीच्या अंगाला. तिथून जेजुरी पंचवीस किलोमीटर. पूर्वी आमचे वडील बैलगाडीने जात. पहाटे निघायचे, मोरगावला मयुरेश्वराचे दर्शन घ्यायचे, नदीकाठी भाकरी सोडायची आणि दिवस कलताना जेजुरी गाठायची. गाडीत खाली कडबा, वर घोंगडी आणि घोंगडीवर आम्ही पोरे. झोप आली तर तिथेच झोपायचे. पडलोच तर चालत्या बैलगाडीतून मातीत पडायचो आणि उठून मागून पळायचो. आता बैलगाडी गेली, कडबा गेला आणि दारात फटफटी आली. पंचवीस किलोमीटर म्हणजे आता पाऊण तासाचे काम. पण त्या फटफटीवर लेकरू कुठे आणि कसे बसवायचे, हे मात्र आम्हांला कुणी शिकवले नाही. तेच सांगण्यासाठी आज तुम्हांला या रस्त्याने घेऊन चाललो आहे.

गेल्या मार्गशीर्षात लेक माहेरी आली. बरोबर जावईबापू, साडेतीन वर्षांची नात आणि सहा महिन्यांचा नातू. आली ती चौघेही एकाच मोटारसायकलवर! नात पुढे टाकीवर, जावई मध्ये, लेक मागे एका अंगाला बसलेली, मांडीवर शालीत गुंडाळलेला नातू. एक हात बाळाला, दुसरा नवऱ्याच्या खांद्यावर, आणि पदर चाकापासून वीतभर अंतरावर फडफडतो आहे. गाडी अंगणात थांबेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

जावयाला बोलायचे म्हणजे अवघड काम. चहा झाला, मग मी हळूच विषय काढला. तर ते म्हणाले, "अहो मामा, आमच्याकडं सगळेच असं जातात. पडत कुणी नाही."

मी म्हटले, "बापू, पडत नाही तवर कुणीच पडत नाही. तुमच्या कारभारणीची हनुवटी बघा एकदा."

लेकीच्या हनुवटीखाली एक पांढरी रेघ आहे. ती कशाची, हे जावयांना ठाऊक नव्हते. लेकीनेही कधी सांगितले नव्हते. बापाची चूक सासरी कशाला सांगायची, असे तिला वाटले असावे. त्या दिवशी मीच सांगितले.

१९९४ सालची गोष्ट. लेक चार वर्षांची होती. असेच जेजुरीहून परतत होतो. माझी जुनी राजदूत, लेक टाकीवर. दिवस मावळलेला. पोरीचा डोळा लागला आणि तिची मान पुढे हँडलवर कलली. मी एका हाताने तिचे कपाळ सावरत एका हाताने गाडी चालवत होतो आणि त्यातही मला मोठी हुशारी वाटत होती. ओढ्याच्या अलीकडे वळणावर उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती, ना दिवा ना खूण. ती दिसली तेव्हा वीस-पंचवीस हात राहिले होते. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली. गाडी पडली नाही, मीही पडलो नाही. पण लेकीचे तोंड हँडलवर आदळले. दोन दुधाचे दात गेले, हनुवटीला टाके पडले. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावले, घाव गळ्यावर बसला असता तर कठीण होते. त्या रात्री घरी मी जेवलो नाही आणि हिची आई माझ्याशी आठ दिवस बोलली नाही.

जावईबापू गप्प झाले. मग मी त्यांना माझ्या मनात इतकी वर्षे घोळत असलेली गोष्ट सांगितली. आपण खताचे पोते गाडीवर घातले तर दोरीने आवळून बांधतो. दुधाच्या किटल्या हुकाला अडकवतो. वाटेत दोनदा थांबून गाठ सैल झाली का बघतो. आणि लेकरू मात्र "घट्ट धर गं" एवढ्या शब्दावर सोडून देतो! चार वर्षांचे पोर काय धरणार? त्याला झोप येते, फुलपाखरू दिसते, हाताला गारठा लागतो. धरणे हे लेकराचे कामच नव्हे, ते आपले काम. आणि ते रस्त्यावर नव्हे, निघण्यापूर्वी अंगणात करायचे काम.

हातात धरून भागते, असेही मानू नका. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे अंग एकदम आदळले, तर तो मार सुमारे वीस फुटांवरून खाली पडण्याइतका असतो. ताशी ६० असेल तर सेहेचाळीस फुटांचा. वेग दीडपट झाला की मार सव्वादोन पट होतो. कोरड्या विहिरीत वीस फूट खाली पडणारे लेकरू एका हाताने झेलता येईल का? मग आईच्या मांडीवर ते सुरक्षित आहे, असे तरी कसे म्हणावे? आई मायाळू असते, पण तिचा हात म्हणजे पट्टा नव्हे. गतिरोधकावर गाडी उडाली की एका अंगाला बसलेल्या बाईचा स्वतःचाच तोल जातो, तिथे बाळाचे काय?

दुसऱ्या दिवशी जावईबापू स्वतःच म्हणाले, "मामा, मग जेजुरीला जायचं कसं, ते तुम्हीच ठरवा." आम्ही ठरवले ते असे.

सहा महिन्यांचा नातू गाडीवर अजिबात न्यायचा नाही. एवढ्या बाळाची मान हिसके पेलण्याइतकी बळकट नसते, डोके अंगाच्या मानाने जड असते, आणि त्याच्या डोक्यावर बसेल असे हेल्मेटही नसते. तेव्हा लेक, तिची आई आणि बाळ ही तिघे एस.टी.ने. मोरगावला गाडी बदलायची, एवढाच काय तो त्रास. पाच वर्षांखालच्या मुलाला एस.टी.त तिकीट नाही आणि २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, तेव्हा खर्चाचीही सबब राहिली नाही. नात बापाबरोबर मोटारसायकलवर, आणि मी माझ्या गाडीवर त्यांच्या मागे.

नातीसाठी बारामतीहून दोन वस्तू आणल्या. एक लहान मुलाचे हेल्मेट आणि दुसरा मुलाला बांधायचा पट्टा. दोन्ही मिळून जनावरांच्या खाद्याच्या एक-दोन पोत्यांचा खर्च. पट्टा म्हणजे बिनबाह्यांच्या बंडीसारखा असतो. तो मुलाच्या अंगात घालायचा, पायांतून येणारे बंद आवळायचे, आणि त्याचे दोन पट्टे चालवणाऱ्याने आपल्या दोन्ही खांद्यांत दप्तरासारखे अडकवायचे. मूल पाठीमागे बसते आणि त्याचे धड बापाच्या पाठीशी बांधलेले राहते. पोर झोपले तरी बाजूला कलंडत नाही. हे काही हौसेचे लेणे नव्हे. केंद्र सरकारने १५ फेब्रुवारी २०२२ रोजी तसा नियमच केला आणि एका वर्षाने, १५ फेब्रुवारी २०२३ पासून तो लागू झाला. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला असा पट्टा आणि हेल्मेट हवे, आणि मूल बरोबर असता गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर जाता कामा नये. पट्टा ३० किलो वजन पेलणारा हवा. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला तर हेल्मेट आहेच. आणि चालवणाऱ्याखेरीज गाडीवर एकच माणूस, हा कायदा जुनाच आहे.

हेल्मेट घेताना मुलाला दुकानात बरोबर न्या. भुवयांच्या वरून डोक्याभोवती सुतळी फिरवून घेर मोजा. हेल्मेट घातल्यावर मुलाने मान हलवली तर हेल्मेट मानेबरोबर हलले पाहिजे, डोक्यावर फिरता कामा नये. हनुवटीखालच्या बंदात दोन बोटे जावीत, जास्त नाही. आय.एस.आय.ची खूण बघून घ्या. बापाचे हेल्मेट पोराला घालू नका, ते डोळ्यांवर येते आणि आपटल्यावर निघून जाते. एकदा जोराने आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नका. वरून साजरे दिसले तरी ते आतून पिचलेले असते.

सकाळी आठला, धुके विरल्यावर निघालो. नातीला पायभर विजार, पायांत बूट, अंगात स्वेटर. ओढणी, लोंबणारा बंद, गळ्यातली रुमालाची गाठ, काही नाही. जावयांच्या गाडीची मागची जाळी तुटून पडली होती, ती आदल्या दिवशी बसवून घेतली. साडी-ओढणी चाकात जाऊ नये म्हणून ती असते, आणि लेकरांच्या टाचाही तीच वाचवते. चाकाच्या तारांत टाच गेली की कातडे कसे सोलून निघते, ते ज्याने पाहिले तो विसरत नाही. नातीला डाव्या बाजूने वर घेतले. बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजव्या बाजूला असतो आणि लेकराची पोटरी तिथेच भाजते.

मोरगावला देवळासमोर पहिला मुक्काम. पंचवीस मिनिटे झाली होती. नातीला खाली उतरवून हातपाय मोकळे केले. पोरीचे गाल गार पडले होते. बापाला पुढे ऊन लागते, घाम येतो. मागच्या पोराला गारठा लागतो, हे त्याला कळत नाही.

मोरगाव सोडले की रस्ता माळावरून चढउतार घेत जातो. दोन्ही बाजूंना ज्वारी, मधूनच कांद्याची हिरवी पट्टी, कुठे डाळिंबाची बाग. उसाच्या जोड-ट्रॉल्या समोरून डुलत येत होत्या. मी जावयांना आधीच सांगून ठेवले होते, ट्रॉलीच्या मागे लागायचे नाही आणि दोन ट्रॉल्यांच्या मध्ये घुसायचे नाही. वरून उसाची मोळी सुटली तर हेल्मेटही पुरे पडत नाही. मागे राहावे, मोकळा रस्ता दिसेपर्यंत थांबावे. खंडोबा कुठे पळून जात नाही.

मी मागून नातीकडे बघत होतो. पहिली दहा मिनिटे ती बापाच्या पाठीवर थापा मारून गाणे म्हणत होती. मग गाणे थांबले. मग मान एकीकडे झुकली, पुन्हा सरळ झाली, पुन्हा झुकली. मी हॉर्न वाजवला. जावयांनी चिंचेखाली गाडी घेतली. पट्टा होता म्हणून पोर जागच्या जागी होती. पण झोपलेल्या लेकराची मान हेल्मेटच्या भाराने लुळी पडते आणि दर खड्ड्याला हिसका बसतो. तेव्हा पट्टा असला तरी नियम एकच, लेकरू झोपले की गाडी थांबली. नातीला चिंचेखाली घोंगडीवर निजवले. अर्धा तास गेला. ट्रॅक्टरवाल्या एकाने विचारले, "पंक्चर का काय?" जावई म्हणाले, "नाही, मालकीणबाई झोपल्यात." तो हसला आणि पुढे गेला. एकतीस वर्षांपूर्वी मी अर्धा तास थांबलो असतो तर लेकीच्या हनुवटीवर ती रेघ नसती.

पुढे कऱ्हेवरचे नाझऱ्याचे धरण, ज्याला मल्हारसागर म्हणतात, ते आले, आणि मग लांबून गड दिसला. ज्या सोमवती अमावास्येला देव कऱ्हेवर स्नानाला येतो, तेव्हा या भागात पाय ठेवायला जागा नसते. अशा गर्दीच्या दिवशी लेकरू घेऊन गाडीवर येऊच नये. आम्ही चंपाषष्ठी टाळून दोन दिवसांनी गेलो, म्हणून निवांत दर्शन झाले. एस.टी.तली मंडळी आमच्या आधीच पोचून पायथ्याला शेंगा खात बसली होती. आजीने नातीला भंडारा लावला, बापाने तिला खांद्यावर घेऊन पायऱ्या चढल्या, आणि तिने इवल्या मुठीने खोबरे-भंडारा उधळला. येळकोट येळकोट म्हणताना तिचा आवाज सगळ्यांच्या वर!

परतताना तीन वाजताच निघालो. जेवण उशिरा झाले, गड अजून बघायचा होता, कडेपठार राहिले, तरी निघालो. उसाच्या हंगामात दिवस मावळल्यावर या रस्त्याने लेकरू घेऊन यायचे नाही, हे मी १९९४ साली ठरवले आहे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आपल्याकडे मोटारगाडी नाही, म्हणून फटफटीवर लेकरू न्यावेच लागते. शाळा, दवाखाना, बाजार, माहेर, सगळे तिच्यावरच. ते नेऊच नका, असे सांगणारा मी शहाणा नाही. पट्ट्याने अपघात टळतो असेही नाही, बाप पडला तर बांधलेले पोरही पडणार. म्हणून वेग कमी हवा, डोक्याला हेल्मेट हवे. टाकीवर पोर नको, मांडीवर तान्हे नको, एका गाडीवर चौघे नकोत. दोन खेपा करा, एस.टी. धरा, शेजाऱ्याची मदत मागा. आणि पडलेच तर लेकराला हाताला धरून उचलू नका, मान सरळ ठेवा, १०८ ला फोन करा. डोक्याला मार लागल्यावर पोर ओकू लागले किंवा पेंगू लागले तर घरी नेऊ नका, थेट दवाखाना गाठा.

जाताना जावईबापूंनी लेकीला आणि बाळाला एस.टी.त बसवले, नातीला पट्टा बांधला आणि माझ्या पाया पडले. म्हणाले, "मामा, पोचल्यावर फोन करतो."

अंगणात मी उभा होतो. गाडी वळणापलीकडे गेली तेव्हा नातीचे लाल हेल्मेट तेवढे बापाच्या पाठीशी चिकटलेले दिसत होते. त्या दिवशी मी फोनची वाट बघत बसलो नाही, सरळ दारे धरायला रानात गेलो.