‘पुरे’ म्हणणारे

आपल्या भाषेने काळजावर फार भार टाकला आहे. काळीज तुटते, धडधडते, दगडाचे होते; लेकरू तर काळजाचा तुकडाच! खाटकाच्या दुकानात मात्र काळीज म्हणजे यकृत. तिथला हिशेब चोख असतो.

यंदाच्या चैत्रात आमची नात आठव्या महिन्यातच आली आणि हळदीसारखी पिवळी पडली. चार दिवस ती निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी बांधून निजली होती. “यकृत अजून शिकतंय,” डॉक्टर म्हणाले. रक्तातले पिवळे द्रव्य निपटणारे विकर त्यात अजून पुरेसे तयार झाले नव्हते. सून जीवशास्त्राची प्राध्यापिका. काचेपलीकडे पाहत, बहुधा रडू आवरण्यासाठीच, ती मला यकृताची कथा सांगत बसली.

गर्भात चौथ्या आठवड्याच्या सुमारास यकृताचा कोंब फुटतो. मग कित्येक महिने ते चक्क रक्त तयार करते. पुढे ते काम अस्थिमज्जेकडे सोपवून आपला खरा संसार मांडते.

“पण त्याला सांगतं कोण, आता हे बंद कर म्हणून?” मी विचारले.

“सांगणारे पुष्कळ आहेत, आई. त्यांतलेच हे सूक्ष्म आरएनए.”

जनुकाकडून प्रथिन बनवण्याची चिठ्ठी सुटते. अवघ्या बावीसेक अक्षरांचे हे चिमुकले रेणू त्या चिठ्ठीला बिलगतात आणि प्रथिनाचे काम मंदावते. हुकूम देणे त्यांच्याकडे नाही. ताटावर आडवा हात धरून ‘पुरे’ म्हणायचे, एवढेच. व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन यांनी १९९३ साली मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत असा पहिला रेणू दाखवून दिला. त्याचे नोबेल मिळाले २०२४ साली! यकृतातला त्यांचा म्होरक्या ‘मिर-१२२’. प्रौढ यकृतातल्या अशा रेणूंपैकी सुमारे ७० टक्के तोच. आणि या घरच्या माणसालाच हाताशी धरून हिपॅटायटिस-सीचा विषाणू यकृतात वाढतो, हे २००५ साली कळले.

मला माझ्या सासूबाई आठवल्या. त्या कधी कुणावर ओरडल्या नाहीत. भांडण विकोपाला जाऊ लागले, की माजघराच्या दारात येऊन एवढेच म्हणत, “पुरे.” आमचे घर एकत्र राहिले ते त्या एका शब्दावर.

नात आता सात महिन्यांची आहे. पिवळेपणा केव्हाच गेला. मऊ भाताचा चौथा घास पुढे केला, की ती ठामपणे तोंड फिरवते. सून म्हणते, “पणजीवर गेलीय!”