ताळा

स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असे शाळेचे पत्र आले तेव्हा डोळ्यांसमोर प्रथम उभा राहिला तो गणिताच्या तासाचा फळा. गुरुजी गुणाकार मांडीत, आम्ही उत्तर सांगत असू आणि हातातला खडू खाली न ठेवता ते विचारीत, "ताळा?" 47 गुणिले 35 म्हणजे 1645. आता 47 च्या अंकांची बेरीज 11, म्हणजे 2. 35 ची 8. त्यांचा गुणाकार 16, म्हणजे 7. इकडे 1645 च्या अंकांची बेरीजही 16, म्हणजे 7. नऊचा ताळा बसला की मगच गुरुजी उत्तराखाली दोन रेघा ओढीत. पुढे एकदा मी हा प्रश्न स्वतःला विचारायला विसरलो आणि त्याची किंमत आपल्या शाळेतील मुलांना मोजावी लागण्याची वेळ आली. ती हकिगत सांगण्यासाठी हा लेख.

2000 साली मी पुण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होतो. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून जुने सुटे भाग विकत घेतले आणि खोलीवर संगणक जोडला. त्यात इंटेलचा सेलेरॉन 300ए हा प्रोसेसर होता. 1998 च्या ऑगस्टमध्ये बाजारात आलेला हा स्वस्त प्रोसेसर आम्हा विद्यार्थ्यांत फार प्रसिद्ध होता. त्याचे कारण असे. प्रोसेसर दर सेकंदाला किती ठोक्यांवर काम करतो, हे दोन आकड्यांच्या गुणाकारावर ठरते. मदरबोर्डवरील बसचा वेग 66 मेगाहर्ट्झ आणि प्रोसेसरचा गुणक साडेचार, म्हणून तो 300 मेगाहर्ट्झचा. गुणक कारखान्यातच पक्का केलेला असे. बसचा वेग मात्र मदरबोर्डवर बदलता येई. तो 100 केला की तोच प्रोसेसर 450 मेगाहर्ट्झवर चाले. त्याच महिन्यात आलेला 450 मेगाहर्ट्झचा पेन्टियम टू कितीतरी महाग होता आणि आमच्या आवाक्याबाहेरचा होता. नेमून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने प्रोसेसर चालवण्याच्या या प्रकाराला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

त्या वयात मला याचे विलक्षण आकर्षण वाटले. कारखान्याने कपाळावर 300 चा आकडा मारला म्हणून याची धाव तेवढीच, असे थोडेच आहे? वसतिगृहातून आलेल्या मुलाला हा विचार किती जवळचा वाटला असेल, हे येथील वाचकांना सांगायला नको. मी मदरबोर्डवरचा जंपर बदलला. संगणक सुरू झाला, पडद्यावर 450 हा आकडा उमटला. खेळ चालले, गाणी वाजली. सारे ठीक आहे, असे मी धरून चाललो.

त्याच सुमारास शाळेतून निरोप आला. शिष्यवृत्तीचे प्रस्ताव पाठवायचे होते. 180 विद्यार्थ्यांची नावे, पालकांची नावे आणि दाखल्यांचे क्रमांक संगणकावर नोंदवून हवे होते. हे काम मी आनंदाने अंगावर घेतले. दोन आठवडे रात्री जागून याद्या तयार केल्या, झिप करून दोन फ्लॉपींवर उतरवल्या आणि रातराणीने शाळा गाठली. याद्या जिल्ह्याच्या कार्यालयात दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत पोहोचायच्या होत्या.

शाळेच्या संगणकावर पहिली फ्लॉपी घातली. फाइल सदोष असल्याचा संदेश आला. दुसरीचेही तेच. मी फ्लॉपीला दोष दिला, एसटीच्या हादऱ्यांना दिला, शाळेच्या जुन्या यंत्राला दिला. अधीक्षक सर काही बोलले नाहीत. त्यांनी कपाटातून हाती लिहिलेली मूळ नोंदवही काढली, लिपिककाकांना बोलावले आणि चांगल्या अक्षराची दहावीची सहा मुले उठवली. पहाटे चारपर्यंत आम्ही कंदिलाच्या उजेडात याद्या हाताने लिहिल्या, कारण त्या रात्री वीजही गेली होती. सकाळी लिपिककाका पहिल्या गाडीने निघाले आणि याद्या वेळेत पोहोचल्या. मला कोणी रागावले नाही, आणि तेच अधिक लागले.

पुण्याला परतल्यावर मी तीच फाइल तीन वेळा झिप करून पाहिली. दोनदा ती नीट उघडली, तिसऱ्यांदा बिघडली. फाइल तीच, यंत्र तेच. परिणाम मात्र वेगळा. झिप फाइलीत मूळ मजकुरावरून काढलेला एक तपासणी-अंक साठवलेला असतो. फाइल उघडताना तो पुन्हा काढून ताडून पाहिला जातो. म्हणजे झिपने ताळा पाहिला होता. मी पाहिला नव्हता. नंतर मूळ याद्या नोंदवहीच्या प्रतीशी ताडल्या, तेव्हा एका मुलीच्या दाखल्याच्या क्रमांकात एक अंक चुकलेला आढळला. तो माझ्या बोटाने चुकला की यंत्राने, हे मला आजही सांगता येत नाही. यंत्र बंद पडले असते तर मी सावध झालो असतो. ते चालत राहिले आणि चुकत राहिले, हे अधिक भयंकर होते.

त्यानंतर मी ओव्हरक्लॉकिंग नव्याने, पहिलीपासून शिकलो. जपून ठेवायच्या फाइली आधी दुसरीकडे उतरवल्या आणि जंपर पुन्हा 66 वर आणला. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ती वहीत लिहायची आणि तपासल्याशिवाय पुढे जायचे नाही, असा नेम केला. आधी मेमरी तपासली. मेमटेस्ट86 हा कार्यक्रम फ्लॉपीवरून सुरू होतो, मेमरीच्या प्रत्येक घरात ठरलेले आकडे लिहितो आणि पुन्हा वाचून पाहतो. 100 मेगाहर्ट्झवर काही मिनिटांतच चुका दिसू लागल्या. माझी मेमरी मुळात 66 साठी बनवलेली होती. 100 चा वेग तिला झेपत नव्हता. गुन्हेगार सापडला. त्या वेगाची मेमरी घेतली, तेव्हा रात्रभरात एकही चूक आली नाही.

मग प्रोसेसरची पाळी. जॉर्ज वोल्टमन यांनी 1996 साली मर्सेन मूळ संख्या शोधण्याचा सामुदायिक प्रकल्प सुरू केला. त्यासाठीच्या प्राइम95 या कार्यक्रमात यंत्राची कसोटी पाहणारा एक भाग आहे. तो प्रोसेसरला तासन्‌तास प्रचंड गुणाकार करायला लावतो. त्यातली उत्तरे पूर्णांकाच्या अगदी जवळ यावी लागतात; ती ठरलेल्या मर्यादेपलीकडे ढळली, किंवा शेवटचे उत्तर आधीच ठाऊक असलेल्या उत्तराशी जुळले नाही, तर तो तेथेच थांबून चूक दाखवतो. उत्तर आधी माहीत असलेले गणित घालायचे आणि ताळा पाहायचा, ही गुरुजींचीच रीत. माझे यंत्र पावणेतीन तासांनी चुकले.

येथे व्होल्टेज वाढवण्याचा मोह होतो. पण प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट आणि व्होल्टेज 2.0 ऐवजी 2.2 केले, तर उष्णता सुमारे 1.8 पट होते. शिवाय अधिक व्होल्टेज प्रोसेसरचे आयुष्य कमी करते. म्हणून मी व्होल्टेजला हात लावला नाही. मोठा हीटसिंक बसवला, त्याखाली उष्णतावाहक लेप पातळ पसरला आणि चांगला पंखा लावला. मग सलग चोवीस तास एकही चूक झाली नाही.

तो जानेवारी होता. मे महिन्यात तीच चाचणी पुन्हा लावली आणि सहाव्या तासाला चूक आली. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच अधिक तापतो. हिवाळ्यातला ताळा वैशाखात चालत नाही. मी जंपर 66 वर आणला आणि पहिल्या पावसापर्यंत तेथेच ठेवला.

नऊच्या ताळ्याची एक मर्यादा गुरुजींनी तेव्हाच दाखवली होती. 1645 ऐवजी चुकून 1654 लिहिले, तरी ताळा बसतो. संगणकाच्या कसोट्यांचेही तसेच आहे. प्रोसेसर तापवणारी चाचणी मेमरीचा दोष दाखवीलच असे नाही, आणि केवळ मेमरीची चाचणी प्रोसेसरचा दोष. म्हणून दोन्ही लावाव्यात. वर रोजचे कामही काही दिवस करून पाहावे, आणि मूळ नोंदवही फेकू नये.

आता काळ बदलला आहे. आजचे प्रोसेसर उष्णता आणि वीज यांच्या मर्यादेत स्वतःच वेग वाढवतात, त्यामुळे हाताने मिळवायचे फार थोडे उरले आहे. ज्यांचा गुणक खुला ठेवलेला असतो, त्यांचा वेग बायोसमधून एकेक पायरीने वाढवता येतो, रीत तीच. प्रत्येक पायरीवर तपासावे, तापमानावर लक्ष ठेवावे आणि जेथे चूक दिसेल त्याच्या एक-दोन पायऱ्या खाली थांबावे. हौसेच्या यंत्रावर हे जरूर करावे, त्यातून शिकायला पुष्कळ मिळते. ज्या यंत्रात दुसऱ्याच्या मुलांच्या नोंदी आहेत, त्यावर मात्र करू नये.

काही वर्षांपूर्वी आम्ही माजी विद्यार्थ्यांनी शाळेला दहा संगणक दिले. नववीतला एक मुलगा मागे लागला, "सर, यांचा वेग वाढवून द्या ना!" मी वेग वाढवला नाही, आहे त्याच वेगावर सर्व दहा यंत्रांना रात्रभर चाचणी लावली. सकाळी पाहतो तो सातव्या यंत्राच्या मेमरीत चुका. मुलगा गोंधळला. "सर, याचा तर वेग वाढवलेलाच नाही. मग हे का चुकले?" मी त्याला मेमरीची पट्टी काढून दाखवली आणि कारखान्यातून आलेल्या वस्तूतही दोष असू शकतो, हे समजावले. नवी पट्टी येईपर्यंत त्या यंत्रावर कोणी काम करू नये म्हणून त्याने एक चिठ्ठी लिहून पडद्यावर चिकटवली. तिच्यावर दोनच शब्द होते: "ताळा चुकला." तो शब्द त्याला कोणी शिकवला, म्हणून विचारले. गुरुजी केव्हाच निवृत्त झालेले आहेत. पण त्यांच्याच एका विद्यार्थिनी आता शाळेत गणित शिकवतात, असे कळले.

(लेखक 1994 च्या दहावीच्या तुकडीचे माजी विद्यार्थी आहेत.)