माया

गेल्या श्रावणात धाकटी बहीण घरी आली आणि पोहे खाता खाता म्हणाली, "दादा, मी पोटावरची थोडी चरबी काढून घेणार आहे."

"उत्तम! त्यापेक्षा शेव कमी घे."

"काढून ती दंडात भरणार आहेत."

मला हसू आवरेना. चरबी म्हणजे काय भात आहे, या कणगीतून काढून त्या कणगीत ओतायला? चाळिशीतली बाई आणि ही हौस! ती काहीच बोलली नाही. बशीतले पोहे मात्र तसेच राहिले.

आम्हा मास्तरांची खोड अशी, की आधी हसायचे आणि मग वाचायचे. रात्री वाचत बसलो. १८९३ साली नॉयबर नावाच्या जर्मन सर्जनने रोग्याच्या दंडातली चरबी घेऊन चेहऱ्यावरच्या व्रणाचा खड्डा भरला होता. म्हणजे या विद्येचा जन्म नटण्यासाठी झालेला नाही! आता बारीक नळीने चरबी ओढतात, तिच्यातले रक्त-पाणी काढून टाकतात आणि थोडी थोडी करून निरनिराळ्या थरांत सोडतात. एकाच जागी गोळा घातला, तर आतल्या भागाला रक्त पोचत नाही आणि तो मरतो. भाताची लावणीच ही. सगळे रोप काही जगत नाही.

पुढचे पान वाचून मात्र घाबरलो. नितंब भरताना चरबी तिथल्या मोठ्या शिरेत शिरली, तर थेट फुफ्फुसात जाते. २०१७ सालच्या एका पाहणीत अशा सुमारे ३००० शस्त्रक्रियांमागे १ मृत्यू आढळला होता. सकाळी उठल्याबरोबर तिला फोन लावला.

"अरे, माझा दंड आहे," ती म्हणाली. "उजवा."

उजवा दंड! मी अकरा वर्षांचा होतो, ती सातांची. जांभळीवर तिला मीच चढवले आणि फांदी मीच हलवली. खुंट दंडात घुसला, जखम चिघळली आणि अंगठा मावेल एवढा खड्डा राहिला. "पाय घसरला," असे तिने आईला सांगितले. तेव्हापासून तिची बाही कोपरापर्यंत. का, ते तिच्या शिंप्याला ठाऊक होते. मला कधी विचारावेसेही वाटले नाही.

कपडा शिवताना शिंपी आत थोडे जादा कापड ठेवतात. पुढेमागे उसवून वाढवता येते. त्याला ते माया म्हणतात.

शस्त्रक्रिया झाली. घातलेल्यातले किती टिकेल, ते काही महिन्यांनी कळेल. भाऊबीजेला ती येणार आहे. बाही केवढी शिवलीस, हे मी विचारलेले नाही.