सहाध्यायांचा अभिप्राय

वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात समीक्षेला मानाचे स्थान आहे. परंतु तिची पहिली पायरी जो सहाध्यायांचा अभिप्राय, त्याचा विचार आपण क्वचितच करतो. मान्यवर समीक्षकाचे मत छापून झालेल्या संहितेवर येते. शेजारच्या बाकावरील मत मात्र शाई ओली असतानाच येते. म्हणून लेखन घडविण्याचे अथवा मोडण्याचे सामर्थ्य त्यात अधिक असते.

एम. ए.च्या वर्गात ललित लेखनाचे कच्चे खर्डे मी विद्यार्थ्यांना परस्परांकडे वाचावयास देतो. जळगाव-धुळे परिसरात या उपक्रमाला वेगळे परिमाण लाभते, कारण अहिराणी, लेवा, गुजर, पावरी अशा घरबोली घेऊन मुले येथे येतात. साक्रीकडील एका विद्यार्थिनीने आईवरील लेखात ‘आंडेर’ हा शब्द योजला होता. पहिल्या वाचकाने त्याखाली रेघ ओढून समासात ‘मुलगी’ असे लिहिले. दुसरीने विचारले, ‘‘आईच्या तोंडी ‘आंडेर’ आणि पुढच्याच वाक्यात तुझ्या तोंडी ‘कन्या’. हे अंतर तुला दाखवायचे आहे का?’’ लेखिकेने ‘आंडेर’ राखला, ‘कन्या’ खोडला.

रेघ ओढणाऱ्याच्या घरीही अहिराणीच बोलली जाते. त्याच्या रेघेत दुष्टावा नव्हता. मैत्रिणीचे गुण कापले जाऊ नयेत ही काळजी होती. स्वतः ज्या भयाने आपली बोली उंबरठ्याबाहेर ठेवली, तेच भय त्याने सद्भावनेने पुढे दिले. दोष आणि भेद यांतील सीमारेषा पुसट होते ती येथे. उलट, ‘मातीचा गंध आहे’ एवढेच लिहून मोकळे होणारा अभिप्रायही वाचन टाळणाराच होय.

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची (1880–1951) गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी आणि एका आप्ताने टिपून ठेवली. सोपानदेव स्वतः प्रमाण मराठीत लिहिणारे कवी होते. टिपताना आईचे शब्द ‘शुद्ध’ करणे त्यांना अवघड नव्हते. ते त्यांनी केले नाही. आईच्या निधनानंतर ती गाणी त्यांनी संकोचानेच आचार्य अत्रे यांना दाखविली, आणि 1952 मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पहिल्या श्रोत्याच्या हाती काय असते, याचे याहून बोलके उदाहरण खानदेशाला शोधावे लागू नये. 2018 पासून येथील विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे. त्याच परिसरातील वर्गात ‘आंडेर’खाली रेघ पडते.

अभिप्राय देणाऱ्याने प्रथम निर्णय नव्हे, प्रश्न द्यावा, असे मला वाटते. निर्णयाने लेखक गप्प होतो; प्रश्नाने तो आपल्या वाक्याकडे परत जातो. तेथे शब्द राखावा की खोडावा, हा अधिकार त्याचाच राहिला पाहिजे.