घाशीराम, पडद्यावरचा

परवा इथे महाप्याला नातीने लॅपटॉपवर १९७६चा 'घाशीराम कोतवाल' लावून दिला.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. साडेतीन शहाण्यांतले नाना फडणवीस मुलांना कौतुकाने सांगितले. त्यामुळे १९७२ साली तेंडुलकरांचं नाटक आलं तेव्हा रागाने गेलेच नाही. पुढे कधीतरी गेले, आणि भास्कर चंदावरकरांच्या संगीतावर माझा पाय चक्क ठेका धरू लागला! समोर माणसाचा छळ चाललाय, भिंतीसारखे उभे ब्राह्मण गात डोलताहेत, आणि मीही डोलतेय. मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाटकाची खरी ताकद तीच.

चित्रपटात ओम पुरींचा घाशीराम जबरदस्त (तेव्हा ते अगदी नवखे!), मोहन आगाशेंचे नानाही तसेच. पण कॅमेरा मधे येतो. क्रौर्य दिसतं, पण आपण लांबून बघत राहतो, त्या भिंतीत सामील होत नाही. पाय काही हलला नाही माझा. गोष्ट ठाऊक नसेल तर धागाही सुटतो, नातीसाठी दोनदा थांबवावं लागलं.

संपल्यावर ती म्हणाली, "आजी, १७९१मध्ये घाशीरामाला दगडांनी ठेचलं. मग नानांचं काय झालं?"

"त्याबद्दल? काही नाही गं. पुढे नऊ वर्षं जगले."

वर्गात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही कधी काढला नव्हता.