पदर खोचला आणि नाचले!

आमचं लोहारा यवतमाळला लागूनच. इथे डीजे म्हणजे लग्नसराईत गाडीवर रचलेल्या भिंतीएवढ्या पेट्या, पुढे नाचणारी पोरं आणि मागे पदर सावरत चालणाऱ्या आम्ही बायका! म्हाताऱ्या माणसांच्या छातीत धडधडतं ते वेगळंच. म्हणून पुण्याला गेले असताना भाची म्हणाली, "मावशी, आज क्लबात डीजे ऐकायला चल," तेव्हा मी हातच जोडले. पण तिचा हट्ट! साडीतच गेले.

तिथे ना नवरदेव, ना सिनेमाची गाणी. शब्द जवळजवळ नाहीतच. या संगीताला 'हाउस' म्हणतात. मिनिटाला सव्वाशेच्या आसपास मात्रा आणि प्रत्येक मात्रेवर एक भरदार ठोका. एका कानाला हेडफोन लावून डीजे पुढची धून आधीच्या लयीशी जुळवून घेत होता. एक संपून दुसरी कधी सुरू झाली, कळायचंसुद्धा नाही.

भाचीने सांगितलं, अमेरिकेत शिकागोच्या 'वेअरहाउस' क्लबात १९७७ पासून फ्रँकी नकल्स हा डीजे वाजवू लागला. त्या क्लबावरूनच 'हाउस' हे नाव पडलं. तिथे येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाचे, त्यांत समलिंगी तरुण पुष्कळ. बाहेर ज्यांना मोकळेपणी नाचायची सोय नव्हती, त्यांना ती तिथे मिळाली.

हे ऐकलं आणि मला माहेरची भुलाबाई आठवली, फुगडी आठवली. तोच पायांचा ठेका, तोच वाढत जाणारा वेग! लग्नानंतर फुगडी सुटली. "सुनेने चारचौघांत नाचू नये," असं कुणीतरी एकदाच म्हणालं. पण ते पंचवीस वर्षं पुरलं.

क्लबाच्या अंधारात माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. पदर खोचला आणि चांगली पाऊण तास नाचले. मी कुणाची आई, कुणाची सून, काही म्हणता काही आठवलं नाही.

मैत्रिणींनो, तुम्हीही कधी गेलात तर पेट्यांपासून लांब उभ्या राहा. औषधाच्या दुकानात कानात घालायचे फोमचे बोळे मिळतात, ते न्या. कापसाने फारसं भागत नाही. अधूनमधून बाहेर येऊन कानांना विसावा द्या. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर आवाज सोसला नाही असं समजा. आणि घरच्या कार्यात हेही ध्यानात असू द्या : २००० सालच्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही.

उन्हाळ्यात पुतण्याचं लग्न आहे. हळदीच्या संध्याकाळी अंगणात फक्त बायकांनी नाचायचं, असं आम्ही जावांनी ठरवलं. सासूबाईंना सांगायला गेलो, तर त्या लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "मले बी घ्या वं फुगडीत!"