माणसाचा पीसीयू किती?

सिव्हिलवाल्यांना तिसऱ्या वर्षात एक नवीन खेळणं मिळतं. त्याचं नाव पीसीयू, म्हणजे पॅसेंजर कार युनिट. रस्त्यावरची वाहतूक मोजायची तर सगळी वाहनं एका मापात आणावी लागतात. कार म्हणजे 1, बाइक अर्धी, ट्रक किंवा बस 3. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांच्या तक्त्यात तर बैलगाडीला चक्क 8 दिलेत! लेक्चरला सगळा वर्ग हसला. पुढे आठवडाभर आम्ही मेसमधे एकमेकींना पीसीयू वाटत होतो. (रविवारच्या फीस्टनंतर माझा 3 झाला होता.)

मग असाइनमेंट आली. आपला बायपास आणि चांदणी चौक. सरकारी पाटीवर याला 'बाह्यवळण रस्ता' म्हणतात, हे माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीला तेव्हाच कळलं.

पूर्वी मुंबईहून साताऱ्याकडे जाणारे ट्रक पुण्याच्या पोटातूनच कात्रजच्या घाटाकडे जायचे. त्यांनी गावाबाहेरून जावं म्हणून देहूरोड ते कात्रज बायपास काढला. तेव्हा तो खरंच 'बाह्य' होता. मग हिंजवडीला आयटी पार्क आलं. वाकड, बाणेर, बावधन, वारजे, नऱ्हे... बघता बघता दोन्ही बाजूंना बिल्डिंगी उभ्या राहिल्या. शहराला टाळायला काढलेल्या रस्त्याला शहरच येऊन चिकटलं! सर म्हणतात, आधी रस्ता गर्दीसाठी बांधतात, मग गर्दी रस्त्यासाठी येते. पुस्तकात याला इन्ड्युस्ड डिमांड म्हणतात. परीक्षेला हमखास येतं, लक्षात ठेवा.

चांदणी चौकात तर कोथरूड, बावधन, पाषाण, मुळशी, एनडीए, सगळीकडचे रस्ते हायवेला येऊन भिडायचे. बंगळूरला निघालेला कंटेनर आणि कोपऱ्यावर दूध आणायला निघालेली स्कूटी, दोघांना एकाच वेळी एकाच जागेतून जायचं. जुना पूल हायवेच्या रुंदीकरणाच्या आड येत होता. 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्रीनंतर सुमारे 600 किलो स्फोटकं लावून तो उडवला. सगळं पुणं टीव्हीसमोर बसलं होतं, आणि पूल काही पूर्ण पडेना! उरलेला मशीन लावून पाडावा लागला. नवा चौक 12 ऑगस्ट 2023 ला सुरू झाला. खर्च सुमारे 865 कोटी, रॅम्प आठ. लांबची वाहतूक खालून सरळ जाते, गावातली वरून फिरते. खोटं कशाला बोलू, वाहनांसाठी काम मस्त झालंय. पहिल्यांदा आम्ही चुकीच्या रॅम्पवर शिरलो आणि वारज्याकडे निघालो, ती गोष्ट वेगळी.

तर आम्ही चौघी सकाळी 9 ते 10 मोजणीला उभ्या. हातात पॅड, शीटवर कॉलम: बाइक, रिक्षा, कार, टेम्पो, बस, ट्रक. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. अर्धा तास झाला असेल, तेवढ्यात मैत्रीण म्हणाली, "अगं, त्या आपल्या मावशी ना?"

खरंच, आमच्या मेसमधे पोळ्या करणाऱ्या मावशी. हायवेच्या पलीकडे, हातात पिशवी घेऊन उभ्या. हात वर करायच्या, पाऊल टाकायच्या, परत मागे. मी घड्याळ बघत होते, नऊ मिनिटं. मग पदर खोचून जी धाव मारली, माझ्याच पोटात गोळा आला. दुभाजकावर थांबल्या, परत तेच.

"मावशी, अहो असं काय पळता! दुसरीकडनं नाही का येता येत?"

"कुठनं येऊ? वर चढलं तर रस्ता भलतीकडंच नेतो. आधी जुन्या पुलावरनं यायची मी. अरुंद होता, पण यायला यायचं." मग शीटकडे बघून म्हणाल्या, "काय लिहिताय गं पोरींनो?"

"वाहनं मोजतोय, मावशी."

"मग मला धरलं का त्यात?"

आम्ही चौघी गप्प. धरलं नव्हतं. त्यांना धरायला कॉलमच नव्हता. बैलगाडीला 8, आणि डोक्यावर पिठाचा डबा घेऊन चालणाऱ्या माणसाला काहीच नाही.

मला जास्त लागलं ते वेगळ्याच कारणाने. मेसच्या तक्रार रजिस्टरमधे गेल्या महिन्यात एक ओळ आहे: 'दुपारच्या पोळ्या रोज उशिरा मिळतात. कृपया लक्ष घालावे.' अक्षर माझं आहे.

सरांना सांगितलं. सर म्हणाले, पादचाऱ्यांची मोजणी वेगळी असते, ती करायचीच असते, पण कुणी मागितली नाही की राहून जाते. दुसऱ्या दिवशी परत गेलो. शीटच्या मागच्या कोऱ्या बाजूला रेघा मारायला लागलो. सिक्युरिटीवाले काका, सोसायट्यांमधे धुणीभांडी करणाऱ्या बायका, साइटवरचे मजूर, दप्तरं घेतलेली मुलं. तासाभरात पाठची बाजू भरली. बायपासमुळे या भागाचा विकास झाला असं रिपोर्टमधे सगळेच लिहितात, आम्हीही लिहिलंय. पण तो विकास झाडायला, पुसायला, राखायला आणि त्याला पोळ्या लाटून घालायला जी माणसं येतात, ती पायी येतात.

आता पुण्याभोवती सुमारे 170 किलोमीटरचा रिंग रोड आखलाय. म्हणजे बायपासचा बायपास! त्याच्याही कडेला बिल्डिंगी येतील, आणि त्यातल्या एखाद्या चौकाचं ड्रॉइंग कदाचित आपल्यापैकीच कुणाच्या टेबलावर येईल. तेव्हा रॅम्प काढून झाले की पेन्सिल खाली ठेवू नका. मावशी कुठून जाणार, एवढं एकदा बघा.

असो. रजिस्टरमधली ती ओळ मी खोडली. मावशींना त्याचा पत्ता नाही. सबमिशनच्या शीटवर मात्र आम्ही हाताने एक कॉलम वाढवलाय. व्हायव्हाला त्यावरून काय विचारतात ते बघू.

- टी.ई. (सिव्हिल)